बाईंपुढे दिलेली साक्ष

बाईंच्या घरात 'देवाची इच्छा' हे दोन शब्द उच्चारायला बंदी होती. यावरून त्या नास्तिक होत्या असं कुणाला वाटेल, म्हणून आधीच सांगतो, की गाझियाबादेतल्या आम्हा आठ-दहा मराठी ख्रिस्ती कुटुंबांची दर महिन्याची प्रार्थनासभा त्यांच्याच हॉलमध्ये भरायची. खुर्च्या त्यांच्या, पेटी त्यांची, आणि गीत कोणत्या पट्टीत सुरू करायचं हेही त्याच ठरवायच्या. फक्त एखाद्याचा अपघात किंवा मरण सांगताना कुणी 'शेवटी देवाची इच्छा' म्हणालं, की बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "तुला सांगितलं त्याने?" पुढे बोलायची सोय उरायची नाही.

बाई मूळच्या नगरकडच्या. दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात त्यांनी उभी हयात नर्स म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर गाझियाबादेत दुमजली घर बांधलं. लग्न केलेलं नव्हतं. "सिस्टर म्हणू नका, सिस्टर मी पगारावर असताना होते," असं त्या सांगत, म्हणून सगळे बाई म्हणत. वरच्या मजल्यावर मी, माझी बायको, आमची मुलगी आणि माझे वडील असे भाडेकरू म्हणून राहायचो. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या फायलींवर सही करायची आणि हळूहळू ते लिखाण आपलंच आहे असं समजायला लागायचं, अशी ती नोकरी. या नोकरीचा माझ्या स्वभावावर किती परिणाम झाला ते पुढे कळेलच.

घर बघायला गेलो तेव्हा मी पगाराची स्लिप, ओळखीचं पत्र असं सगळं घेऊन गेलो होतो. बाईंनी त्यातलं काहीच बघितलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "तुमच्याकडे कुणाला ताप आला, तर उठतं कोण?" मी बायकोकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. "कधी येताय राहायला?" बाई तिला म्हणाल्या. घर आम्हाला मिळालं या आनंदात मी होतो. ते बायकोला मिळालं होतं हे कळायला मला फार वर्षं लागली.

माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती नावाने नव्हे, दुखण्याने. आमच्या पाळकसाहेबांना त्या पाठीमागे 'पित्ताशय' म्हणत. समोरच्या बंगल्यातले निवृत्त कर्नल म्हणजे 'डावा गुडघा'. मी अकरा वर्षं त्यांच्या घरात राहिलो आणि पहिल्या दिवसापासून 'सर्दीवाला' राहिलो. कधीतरी आपली बढती होऊन रक्तदाबापर्यंत तरी जाऊ, अशी माझी आशा होती. दारावर भाजीवाला आला तरी त्या मेथीची जुडी हातात धरून विचारायच्या, "भैया, इसको क्या हुआ है? कब से ऐसी है?" भाजीवालाही खालमानेने सांगायचा, "कल शाम से, माताजी." आमची मुलगी एकदा म्हणाली होती, "पापा, बाई-आजी डाँटती नाही ना, बस पूछती है." त्यातच सगळं आलं.

आमच्या सभेत गीतं आणि शास्त्रपाठ झाला की साक्ष देण्याची पद्धत असते. एकेकाने उभं राहायचं आणि देवाने आपल्याला कोणत्या संकटातून कसं नेलं, त्यातून काय शिकवलं, ते सांगायचं. दुसरीकडे लोक ऐकतात आणि 'आमेन' म्हणतात. बाईंकडे साक्षीची केस पेपरसारखी तपासणी व्हायची. कधी झालं? किती दिवस? त्या वेळी जवळ कोण होतं? बरेच जण या भीतीने गुडघे दुखण्यापलीकडे जातच नसत.

मी मात्र जायचो. साक्ष देणं ही माझी खासियत होती आणि ते मला माहीत होतं, यापेक्षा वाईट गोष्ट ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत होऊ शकत नाही. माझ्यावर फारशी संकटं आली नव्हती, पण होती त्यांचा मी एक कणही वाया जाऊ दिला नाही. स्कूटर चोरीला गेली, त्यावर साक्ष. बढती एक वर्ष लांबली, त्यावर दोन साक्षी. एकदा मला मुतखडा झाला होता. तो खडा आणि प्रभूच्या कबरीच्या तोंडावरून सरकवलेली धोंड यांचा मी भर सभेत जो संबंध जोडला, तो आठवला की अजून माझी कानशिलं तापतात. दोन बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी विचारलं, "किती मिलिमीटर होता?"

"पाच," मी म्हणालो.

"पाणी जास्त पी," बाई म्हणाल्या आणि पुढच्याला उठायला सांगितलं.

बाईंना स्वतःला भीती वाटायची ती एकाच गोष्टीची. आमच्यातल्या एका तरुणाची आई वारली. पंधरा दिवसांत तो सभेत उभा राहिला आणि देवाने आपल्याला केवढं सामर्थ्य दिलंय ते घडाघडा सांगू लागला. बाई उठल्या, त्याला खांदे धरून खाली बसवलं आणि म्हणाल्या, "ओलं आहे अजून. चहा घे." नंतर चहाच्या वेळी मी त्यांना, जरा कठोर वागलात असं सुचवलं. तेव्हा त्या म्हणाल्या, की खोल जखम असते ना, ती वरून लवकर मिटू द्यायची नसते. रोज कापसाची पट्टी आत भरून तोंड उघडं ठेवायचं, तळापासून भरत आली पाहिजे. वरून छान कातडी आली की पेशंट खूश, नातेवाईक खूश, आणि आत पू. "तुमच्या निम्म्या साक्षी म्हणजे वरची कातडी," त्या म्हणाल्या. निम्म्यांत मी नसणार, असं मी धरून चाललो.

माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला त्या वेळी आम्हाला बाईंकडे येऊन तीन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अडीच वर्षं ते वरच्या मागच्या खोलीत पलंगावर होते आणि मग गेले. वडील गेल्यावर मी बाईंचा नियम पाळून सहा महिने थांबलो. आपण किती संयमी आहोत याचं मला त्या सहा महिन्यांत रोज कौतुक वाटत होतं. मग एका सभेत मी उभा राहिलो.

ती साक्ष माझी सर्वांत चांगली होती. मी सांगितलं, की बापाच्या उशाशी बसून मी सोशिकपणा शिकलो. त्या खोलीत मला रोज देव भेटायचा. ती अडीच वर्षं म्हणजे माझ्या खांद्यावरचा क्रूस होता, पण आज मागे वळून बघताना त्या क्रूसाबद्दल मी आभार मानतो. पेटीवर बसलेल्या काकू रडत होत्या. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मी बसणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांब. अंथरूण कोण बदलायचं?"

मी म्हणालो, "घरातले सगळे मिळून..."

"सकाळी घास कोण भरवायचं? किती वेळ लागायचा?"

मला माहीत नव्हतं. मी त्या वेळी ऑफिसच्या बसमध्ये असायचो.

"मी खाली राहते," बाई अगदी शांतपणे म्हणाल्या. "वर कोणाची पावलं चालतात ते मला छतातून ऐकू येतं. मोरीपर्यंत आणि परत, मोरीपर्यंत आणि परत. तुझी चप्पल मला माहीत आहे. ती सकाळी आठला जिना उतरायची आणि संध्याकाळी सातला चढायची. सात वाजता तू त्यांच्याजवळ बसायचास, हे खरं आहे. बसायचास आणि वर्तमानपत्र वाचून दाखवायचास. तेवढं सांग."

माझी बायको मागच्या रांगेत होती. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने चहाचं आधण ठेवलं. ती माझ्याशी लग्न करून आमच्या ख्रिस्ती मंडळीत आलेली. तिच्या माहेरी घरातलं दुखणं चारचौघांत मांडायची पद्धतच नव्हती, आणि मी तर तिचं दुखणं माझं म्हणून मांडलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझा डबा भरताना ती एवढंच म्हणाली, "काल तुम्ही ज्या देवाचे आभार मानले ना, तो त्या खोलीत कधी आला नाही. मी होते तिथे. आला असता तर मला दिसला असता." आवाज चढलेला नव्हता. पोळ्या मोजून ठेवाव्यात तसं ती बोलली आणि डब्याचं झाकण लावलं.

त्यानंतर ती प्रार्थनासभेत बसली नाही. भांडण म्हणावं तर तेही नाही. दर महिन्याला खाली यायची, तीस-पस्तीस माणसांचा चहा करायची, करंज्या तळायची, पण स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून हॉलमध्ये यायची नाही. चार वर्षं हे चाललं. वडिलांचं नाव तिने घरात पुन्हा काढलं नाही, आणि मी काढलं की ती काहीतरी आणायला उठायची. एका छपराखाली राहून आपण बायकोला घालवून बसलो आहोत हे मला दिसत होतं. तिचा देवही मीच घालवला होता, आणि तोही गोड आवाजात बोलून.

मी उपाय केले नाहीत असं नाही. करोलबागेतून साडी आणली. तिने ती घडी न मोडता मुलीच्या लग्नासाठी म्हणून ठेवून दिली. मुलगी तेव्हा नववीत होती. मग मला वाटलं, की झालेली चूक सभेत उभं राहून कबूल करावी. मी चार पानं लिहिली, त्यात बायबलातल्या, शेतावरून येणाऱ्या ज्या माणसाच्या खांद्यावर शिपायांनी प्रभूचा क्रूस दिला, त्याचाही उल्लेख चांगला जमला होता. बाईंना वाचून दाखवायला गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. दोन पानं ऐकून म्हणाल्या, "आता माफीचीही साक्ष देणार?" मी कागद खिशात घातले.

"मग यात अर्थ काय शोधायचा, बाई?" मी जरा चिडूनच विचारलं. "माणसाने एवढं सोसायचं ते कशासाठी?"

बाईंनी ताट बाजूला सारलं. "प्रभू क्रूसावर होता तेव्हा त्याने 'मला तहान लागली' म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या. "अर्थ नंतरच्यांनी लावला, लावू दे, चांगलाच लावला. पण त्या वेळी त्याला पाणी पाहिजे होतं. मी नर्स झाले ती तेवढ्या एका गोष्टीवर." मग त्यांनी ताट परत पुढे ओढलं. मला ते पटलं, आणि लगेच, हे साक्षीत किती छान बसेल, असंही मनात आलं. माणूस सुधारायला किती वेळ लागतो ते बघा.

चौथ्या वर्षी नोव्हेंबरात बाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हृदय कमजोर होतं, त्यामुळे ऑपरेशन करायला डॉक्टर तयार नव्हते. बाईंनी एक्स-रे स्वतःच उजेडाला धरून बघितला आणि म्हणाल्या, "मला घरी न्या." जवळचं कुणी नव्हतं. माझी बायको त्याच संध्याकाळी पदर खोचून जिना उतरायला लागली. बाईंनी पलंगावरूनच आवाज दिला, "तू नाही. तुझं करून झालंय. तू जेवण दे आणि माझ्याशी गप्पा मार. बाकीच्याला त्याला पाठव. सर्दीवाल्याला."

मी म्हणालो, "बाई, मी पुरुष माणूस, तुम्हाला संकोच..."

"मी किती पुरुषांची भांडी उचलली आहेत ते तुला माहीत आहे का?" बाई म्हणाल्या. "संकोच तुला आहे. रजा टाक."

रजा भरपूर होती. रजा शिल्लक ठेवणं हा माझा एकमेव छंद. अर्ज वाचून आमचे अंडर सेक्रेटरी म्हणाले, "लँडलेडी के लिए? यार, लोग अपनी माँ के लिए नहीं लेते." मी मान खाली घातली. त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं, पण मला नेमकं बापाच्या वेळचं आठवलं. तेव्हा मी चार दिवसांपेक्षा जास्त रजा घेतली नव्हती.

पहिल्या दिवशी शौचाचं भांडं लावताना मी ते पलंगावर सांडलं आणि बाहेर जाऊन ओकलो. परत आलो तर बाई त्या ओल्यात पडून छताकडे बघत होत्या. "झालं? आता शिक," त्या म्हणाल्या. आणि शिकवलं. भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्यायचं, दिल्लीच्या थंडीत गार पत्रा अंगाला लावायचा नाही. पेशंट पलंगावर असताना चादर कशी बदलायची, एका बाजूने गुंडाळत आणायची, कुशीवर वळवायचं, दुसऱ्या बाजूने ओढून घ्यायची. कुशीवर वळवताना खांदा आणि कंबर एकदम वळली पाहिजेत. माझ्याकडून त्या दोन गोष्टी पहिले आठ दिवस कधी एकदम वळल्या नाहीत. बाईंना किती कळा येत असतील ते त्यांच्या ओठांवरून दिसायचं, पण त्या फक्त म्हणायच्या, "परत."

एकदा पाठ पुसताना मला भरून आलं आणि मी मोठ्याने प्रार्थना करायला लागलो. बाई भिंतीकडे तोंड करून होत्या. तशाच म्हणाल्या, "आधी कोरडं कर. मग प्रार्थना कर. ओल्या पाठीला थंडी वाजते." त्या दिवसापासून मी गप्प राहून काम करायला लागलो, आणि आश्चर्य म्हणजे काम लवकर व्हायला लागलं.

वर जाऊन जेवायला बसलो की माझी कंबर धरलेली असायची. पंधराव्या दिवशी असेल, मी बायकोला म्हणालो, "तू हे अडीच वर्षं..." पुढे मला बोलता येईना. माझ्या आयुष्यात वाक्य अर्धवट राहण्याची ती पहिलीच वेळ. बायको म्हणाली, "जेवा. भाजी गार होतेय." पण ती काही आणायला उठली नाही. तिथेच बसून राहिली. थोड्या वेळाने तिनेच सांगितलं, की बाबांना गाजराचा हलवा आवडायचा, गिळता येत नव्हता, तरी ती चमच्याच्या टोकाने जिभेला लावायची. चार वर्षांनी तिने त्यांचं नाव काढलं होतं.

अडीच महिने असे गेले. जानेवारीत उन्हं पडली, की मी पलंग ओढून खिडकीशी नेत असे. बाईंचं बोलणं कमी होत गेलं. एका सकाळी मी गरम पाणी घेऊन गेलो तेव्हा त्या गेलेल्या होत्या. मी पाणी ठेवलं, त्यांचं तोंड पुसलं, केस नीट केले, आणि मग वर जाऊन बायकोला सांगितलं. या वेळी क्रम चुकला नाही.

स्मरणाची सभा त्यांच्याच हॉलमध्ये भरली. नगरहूनही चार माणसं आली होती. पाळकसाहेब म्हणाले, की बाईंची सेवा ज्यांनी केली त्यांनी दोन शब्द बोलावेत. बायकांनी रुमाल काढून तयार ठेवले. माझी कीर्ती अजून पुसली गेली नव्हती. मी उभा राहिलो आणि मला खरोखरच काही सुचेना. क्रूस नाही, कबर नाही, धोंड नाही. मग मी म्हणालो, "बाई अडीच महिने अंथरुणावर होत्या. मी त्यांचं केलं. त्यांच्या अंगावर अंथरुणाचा एकही व्रण पडू दिला नाही." एवढं खरं मी त्या सभेत कधी बोललो नव्हतो. छाती जरा पुढे आलीच. मी बसायला लागलो.

"एक पडला होता."

आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला होता. बायको तिथे उभी होती.

"डाव्या टाचेला," ती म्हणाली. "तुम्ही दुपारी घोरत असायचात ना, तेव्हा मी खाली येऊन पट्टी करायचे. बाई म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, बिचारा मन लावून करतोय."

स्मरणाच्या सभेत हसावं की नाही हे कुणाला कळेना. पाळकसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग सगळा हॉलच हसला. मीही हसलो, आणि हसता हसता माझे डोळे असे वाहायला लागले की समोरचं दिसेना. माझ्या साक्षीला स्वतः माझे डोळे वाहण्याची ही पहिली वेळ होती.

ती हात पदराला पुसत उंबरा ओलांडून आत आली. बाकावर माझ्या शेजारी जागा होती, पण तिथे नगरच्या मंडळींच्या पिशव्या ठेवलेल्या होत्या. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"सरका जरा," ती म्हणाली.

मी सरकलो.